पॅकहाऊसला पाचपैकी साडेतीन तारे, आणि दीड का कापले

दिंडोरी तालुक्यात आमची सव्वादोन एकर थॉमसन द्राक्षाची बाग आहे. नवऱ्याच्या पाठीचं ऑपरेशन झाल्यापासून, म्हणजे चार हंगाम, बाग मीच बघते. २०२४-२५ चा माल मी एका नव्या पॅकहाऊसला, म्हणजे द्राक्षं पेट्यांत भरून निर्यात करणाऱ्या शेडला दिला, युरोपसाठी. हे २०२५ मध्येच लिहिते आहे. त्याचं नाव इथे लिहीत नाही. तक्रारी लिहायच्या आहेत आणि पुढच्या माघात पुन्हा त्यांच्याच काट्यासमोर उभं राहायचं आहे. पण युरोपला माल द्यायच्या विचारात असाल, तर कुठल्याही पॅकहाऊसमध्ये नेमकं काय बघायचं याचा अंदाज यातून येईल.

शेडमधली चकचकीत फरशी, माल गार करायच्या प्रीकूलिंगच्या खोल्या, डोक्याला टोप्या घातलेल्या बाया बघून भुलू नका. ते आता सगळ्यांकडे असतं. हे लोक आपल्याला खरं विकतात ते वेगळंच. युरोपियन युनियनच्या सत्तावीस देशांची मिळून एक नियमावली आहे. ती दर थोड्या महिन्यांनी बदलते आणि आपल्या हातात मराठीतून कधीच पडत नाही. ती यांनी वाचायची आणि वेळेवर आपल्या बांधावर येऊन सांगायची. मी गुण देणार ते या वाचनाला. पेटी काय, कुणीही भरतं.

आदल्या वर्षीचा अनुभव सांगते, म्हणजे मी पॅकहाऊस का बदललं ते कळेल. तेव्हा दुसऱ्या एका निर्यातदाराकडे माल होता. माल एक नंबर, मणी अठरा-एकोणीस मिलिमीटर, गोडी म्हणजे ब्रिक्स सतराच्या वर. प्रयोगशाळेचा माणूस सॅम्पल घेऊन गेला आणि सहाव्या दिवशी फोन आला, "ताई, फेल." कशात, तर क्लोरपायरीफॉस या कीटकनाशकाच्या अंशात. मी म्हटलं, बाबा, ते औषध माझ्या गोठ्यात-शेडमध्ये कुठेच नाही, डायरी बघा. डायरीत नव्हतंच. होतं ते बांधापलीकडे. आमच्या चुलत दिरांची वांगी आहेत तिकडे, शेंडे पोखरणाऱ्या अळीसाठी त्यांनी मारलेलं. वारा आमच्या बाजूचा.

रिपोर्टवर आकडा होता ०.०२४. मर्यादा ०.०१. किलोत मिलिग्रॅमचा शंभरावा भाग. मी रात्री बसून हिशेब केला: शंभर टन द्राक्षांत एक ग्रॅम. म्हणजे सात-आठ कंटेनर भरून द्राक्षं आणि त्यात चिमूटभर. आमचं त्याच्या दुपटीहून थोडं जास्त निघालं. तो सगळा माल मग आखाती देशांत जाणाऱ्या व्यापाऱ्याने उचलला, किलोला ४१ रुपयांनी, आणि जाताना म्हणाला, "माल तर झकास आहे की." युरोपचा दर तेव्हा ८८ चालू होता. तेच घड, तीच पेटी.

राग आला तो आकड्याचा नाही. युरोपने नोव्हेंबर २०२० पासून क्लोरपायरीफॉसची मर्यादा यंत्राला दिसेल एवढ्या तळाला नेऊन ठेवली आहे. हे त्या निर्यातदाराला माहीत होतं, आणि शेजारी वांगी आहेत हेही त्याला दिसत होतं. दोन्ही गोष्टी जोडून एक वाक्य सांगायला कुणी आलं नाही. "वापरू नका" अशी यादी व्हॉट्सॲपवर टाकली की झालं त्यांचं काम.

आता नव्या पॅकहाऊसचं. ऑक्टोबर छाटणीच्या आधीच त्यांचा फिल्ड ऑफिसर आला. पोरगं पंचविशीतलं, कृषी पदवीवालं, बुटात चिखल जाईल याची काळजी न करणारं. बागेत शिरायच्या आधी तो बांधावर उभा राहिला आणि विचारलं, "ताई, शेजारी काय असतं? ते काय फवारतात?" माझ्या मनात पहिला तारा त्यांना तिथेच मिळाला. त्याने बांधालगतच्या तीन ओळी नोंदणीतून वगळायला लावल्या, त्यांचा माल वेगळा काढायचा आणि लोकलला द्यायचा. उरलेल्या प्लॉटचीच नोंद ग्रेपनेटवर, म्हणजे निर्यातीच्या बागांच्या सरकारी ऑनलाइन यादीत. शिवाय भाऊजींना स्वतः जाऊन भेटला. त्यांनी आधी त्याला हुसकून लावलं असतं, पण चहा झाला, मग बोलणं झालं. शेवटी वांग्याचं औषध बदलायचं आणि दोन्हीच्या किमतीतला फरक मी द्यायचा असं ठरलं. सोळाशे रुपये गेले हंगामाचे. सव्वादोन एकरांचा विमा म्हणा.

फवारणीचं वेळापत्रक त्यांनी दिलं ते राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या ॲनेक्शर ५ वर, म्हणजे निर्यातीच्या द्राक्षाला चालणाऱ्या औषधांच्या यादीवर बेतलेलं, पण नुसतं छापून दिलेलं नव्हतं. कुठलं औषध काढणीच्या किती दिवस आधी थांबवायचं, ते माझ्या छाटणीच्या तारखेवरून मोजून, प्रत्येक ओळीपुढे तारीख टाकून दिलं. डावणी रोगाचं वर्ष होतं, पाऊस लांबलेला. दोनदा असं झालं की दुकानदार म्हणाला हे मारा, आणि पोराने फोनवर सांगितलं की ताई थांबा, ते तिकडे आता चालत नाही. मी थांबले. तीस-चाळीस घड गेले त्यात, खोटं कशाला बोलू. बाकीचे वाचले.

हे "तिकडे चालत नाही" प्रकरण जरा समजून घ्यायला हवं, कारण आपल्याकडे अर्धे लोक समजतात की ही आपल्याविरुद्धची खेळी आहे आणि उरलेले अर्धे समजतात की गोऱ्यांचं आरोग्य फार नाजूक. दोन्ही अर्धवट. २००८ च्या सप्टेंबरपर्यंत युरोपात एकाच औषधाची मर्यादा देशागणिक वेगळी असू शकायची. हॉलंडला चाललं ते जर्मनीला चालेलच असं नाही. १ सप्टेंबर २००८ पासून सगळ्यांची यादी एक झाली. यात आपला फायदा मोठा आहे, तो कुणी बोलत नाही. रॉटरडॅमला एकदा माल उतरला, तपासला, जकात भरली, की तिथून ट्रक पोलंडला जावो नाहीतर डेन्मार्कला, मधे पुन्हा तपासणी नाका नाही. एक रिपोर्ट, सत्तावीस देश.

आणि तोटा तेवढाच मोठा. एकाने नाही म्हटलं की सत्तावीस जणांनी नाही म्हटलं.

२०१० साली आमच्या घराने हे बघितलं आहे. तेव्हा बाग नाना, म्हणजे माझे सासरे, बघायचे. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर शेंडा थांबावा, काडीत घड तयार व्हावा म्हणून सीसीसी (क्लोरमेक्वाट, वाढ रोखणारं रसायन) मारायची रीतच होती, सगळे मारायचे. ते वेलीत मुरून राहतं आणि पुढच्या फेब्रुवारीत मण्यात सापडतं हे कुणाच्या गावी नव्हतं. आपल्याकडच्या तपासणीच्या यादीत ते रसायन नव्हतंच, त्यामुळे इथले सगळे रिपोर्ट क्लियर. तिकडे तपासलं, सापडलं, मर्यादा ०.०५ आणि माल त्याच्या वर. युरोपात अशी बातमी एका देशाने कळवली की इशारा सगळ्या सदस्य देशांना एकाच वेळी जातो. कंटेनर बंदरात, काही समुद्रात. नाशिकमधले किती निर्यातदार आणि शेतकरी त्या हंगामात बसले, ते जुन्या माणसांना विचारा. नानांना पैसे तर आलेच नाहीत, उलट निर्यातदाराने भाड्याचे म्हणून काही मागितले. नाना त्याला काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. पुढे सीसीसी तपासणीच्या यादीत आलं.

पण मला जे खरं खटकलं ते मी खूप नंतर वाचलं. हेच सीसीसी युरोपातले शेतकरी गव्हाला सर्रास मारतात, ताटं बुटकी राहावीत, लोळू नयेत म्हणून. आणि गव्हासाठी त्याची मर्यादा ०.०५ नाही, पूर्ण आकड्यात मिलिग्रॅम आहे. म्हणजे भाकरीला, पावाला चालतं, द्राक्षाला नाही. विषाचा हिशेब वेगळा नाही, गरजेचा वेगळा आहे. त्यांच्या द्राक्षबागेत ते कुणी वापरत नाही, म्हणून द्राक्षाच्या रकान्यात यंत्राला दिसेल ती तळाची संख्या टाकली. आपल्याला लागतं म्हणून वाढवून द्या असा अर्ज करायची सोय त्यांच्या कायद्यात आहे, पण त्यासाठी शास्त्रीय माहितीचं अख्खं बाड द्यावं लागतं. ते आमच्यासारख्याने देण्याचं काम नाही, आणि सव्वादोन एकरवाल्यासाठी औषध कंपनीही ते देणार नाही.

असो. परीक्षण पॅकहाऊसचं चाललंय.

सॅम्पल फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात घेतलं. प्रयोगशाळेचा माणूसच आला पाहिजे आणि त्यानेच प्लॉटभर फिरून घड तोडले पाहिजेत असा नियम आहे, आणि इथे तो पाळला गेला. (काही ठिकाणी शेतकऱ्यालाच "चांगले चार घड द्या" म्हणतात. असं कुणी म्हटलं तर तिथून निघा.) रिपोर्ट क्लियर आला. पाच रसायनं सापडली, पाचही मर्यादेत.

काढणीची टोळी पहाटे साडेसहाला हजर. चांदवडकडच्या बाया होत्या, हात इतका हलका की मण्यावरची लव पुसली जात नव्हती. अकराला काम बंद, ऊन चढल्यावर एकही घड तोडला नाही. क्रेटमध्ये एकच थर, खाली कागद. वजन माझ्या बांधावर, माझ्या डोळ्यांसमोर, आणि त्याची चिठ्ठी लगेच हातात. वजनाबद्दल या लोकांना पैकीच्या पैकी. आधीच्या ठिकाणी वजन शेडवर व्हायचं आणि वाटेत दर क्रेटमागे दोनशे ग्रॅम "वाळायचे".

शेडवर मी मुद्दाम एक दिवस बसून राहिले. मला कुणी हटकलं नाही, चहाही दिला. पाचशे ग्रॅमच्या पनेटमध्ये, म्हणजे छोट्या डब्यात, थोडं जास्त भरतात, प्रवासात तूट येते म्हणून. दहा पनेटची पेटी, वर गंधकवायूचा कागद, मग थेट थंड खोलीत. प्रत्येक पेटीवर माझ्या प्लॉटचा क्रमांक. रॉटरडॅमच्या गोदामात कुणी ती पेटी उचलली तर तो आकडा धरून आमच्या बांधापर्यंत येऊ शकतो, हे बघून छाती फुगते आणि पोटात गोळाही येतो.

एक गमतीची गोष्ट तिथे दिसली. दोन रांगा वेगळ्या लावलेल्या, एकीवर निळी पट्टी. विचारलं तर म्हणे ती इंग्लंडची. पूर्वी युरोप म्हटलं की त्यात ब्रिटन आलंच. १ जानेवारी २०२१ पासून त्यांची मर्यादांची यादी वेगळी झाली. सुरुवात युरोपच्या नकलेपासून झाली, पण आता युरोप एखादी मर्यादा खाली आणतो तेव्हा ब्रिटन आपोआप आणत नाही. म्हणजे पॅकहाऊसला दोन याद्या सांभाळायच्या. त्यांचा एक माणूस हेच काम करतो, सकाळभर पडद्यावर दोन तक्ते लावून बसलेला असतो. चष्मा जाड, बोलणं कमी. मला विचाराल तर त्या शेडमधला सगळ्यात मोलाचा माणूस तो.

आता दीड तारा का गेला.

अर्धा तारा गेला दुकानांच्या अटींवर. माझा रिपोर्ट कायद्याने क्लियर होता. दर ९६ ठरलेला. हातात आला ८७. का, तर जर्मनीतल्या काही मोठ्या साखळी दुकानांची अट कायद्याच्याही पुढची असते: प्रत्येक रसायन कायदेशीर मर्यादेच्या एक तृतीयांशाच्या आत हवं, आणि एकूण किती रसायनं सापडावीत यालाही आकडा. माझ्या पाचातली दोन रसायनं त्या एक तृतीयांशाच्या वर होती. माल तिकडे न जाता रॉटरडॅमच्या खुल्या बाजारात गेला. हे मला एप्रिलमध्ये कळलं. डिसेंबरमध्ये कळलं असतं तर त्यातलं एक औषध मी सहज बदलू शकले असते, भुरी रोगासाठी दुसरं होतंच. पोराला विचारलं तर खाली मान घालून म्हणाला, "ताई, दुकानांची यादी आम्हाला ऑफिसमधून दाखवत नाहीत." मग ऑफिसने दाखवावी. सरकारी नियम कुणीही शोधून काढेल. दुकानांच्या अटी पॅकहाऊसलाच माहीत असतात, त्या सांगायचे तर आपण त्यांना पैसे देतो.

दुसरा अर्धा हिशेबाच्या पट्टीवर. पट्टीत एक ओळ होती, "युरोप खर्च", आणि पुढे ढोबळ रक्कम. फोडून मागितली तर तीन फोन लागले. फोडल्यावर त्यात भाडं, विमा, गोदाम आणि ८ टक्के जकात निघाली. जकात आयातदार भरतो, पण शेवटी ती दरातूनच येते, हे मला मान्य आहे. मला तो आकडा स्वतंत्र दिसायला हवा होता. कारण आमच्याच दिवसांत त्याच रॉटरडॅममध्ये दक्षिण आफ्रिका, चिली, पेरू यांची द्राक्षं असतात, आणि त्यांचे युरोपशी करार झालेले असल्याने त्यांना जकात शून्य. शंभर रुपयांच्या मालावर आठ रुपये मागे राहून आपण शर्यतीला उभे राहतो. डच आयातदाराला आपली थॉमसन कितीही आवडो, त्याचं सरकार आपल्यासाठी एक पैसा कमी करू शकत नाही. जकात सत्तावीस देशांची एकच आणि ती ठरते ब्रुसेल्सला. भारताची त्यांच्याशी बोलणी २००७ ला सुरू झाली, २०१३ ला अडकली, २०२२ ला पुन्हा सुरू झाली. माझं लग्न झालं त्या वर्षी सुरू झालेली बोलणी. पोरगा यंदा बारावीला आहे.

तेवढी एक बरी गोष्ट, की आपला माल फेब्रुवारी ते एप्रिल जातो. इटली-स्पेनची द्राक्षं बाजारात यायच्या वेळी तेच दार आणखी जड होतं, जकातही वाढते आणि वर किमान किमतीची अट येते. आपण ते उघडतं-मिटतं दार बघतसुद्धा नाही, त्याच्या आधीच आपला खेळ संपतो.

तिसरा अर्धा पैशांच्या तारखेवर. ४५ दिवस बोलले, ७१ व्या दिवशी दिले. तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे जहाजं २०२३ च्या अखेरीपासून आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली. न्हावाशेवाहून तीन-साडेतीन आठवड्यांचा प्रवास पाचवर गेला. हे मला कळतं. पण हे त्यांनाही ४५ म्हणताना माहीत होतं. ७० म्हणायचं होतं, मी सोसायटीच्या हप्त्याची तजवीज तशी केली असती.

एकूण? १४ टन युरोपला गेला, बांधालगतच्या तीन ओळी आणि बारका माल मिळून सहा टन लोकलला ४४ ने. आदल्या वर्षीच्या जखमेवर हे औषध पुरेसं होतं. पुढच्या हंगामाची नोंदणी याच पॅकहाऊसकडे करणार आहे.

फक्त एक प्रश्न मी त्यांना घातला आहे आणि तो तुम्हीही आपापल्या पॅकहाऊसला घाला. थायमेथोक्झाम आणि क्लोथियानिडिन या दोन कीटकनाशकांच्या मर्यादा युरोप ७ मार्च २०२६ पासून तळाला नेतो आहे. कारण माणसाचं आरोग्य नाही, मधमाश्या. २०१८ मध्येच त्यांनी स्वतःच्या उघड्या शेतात ती बंद केली. आता बाहेरून येणाऱ्या मालालाही तीच अट, म्हणजे दिंडोरीच्या मधमाश्यांचीही काळजी ते घेणार. माझी हरकत नाही, फुलोऱ्यात मधमाशी मलाही हवी. अडचण तारखेची आहे. माल त्यांच्या हद्दीत कधी आला त्यावर जुनी-नवी मर्यादा ठरते. १ फेब्रुवारीला तोडलेला माझा घड वळसा घालून ७ मार्चच्या आत पोचणार की नंतर? सॅम्पल आपलं जानेवारीत निघणार, ते कुठल्या आकड्याशी ताडून बघणार? आणि थायमेथोक्झाम मी मारत नाही, पण वांग्याला तुडतुड्यासाठी तेच मारतात.

१२ मे २०२५ ला विचारलं. पोरगा म्हणाला, "ताई, ऑफिसला विचारून सांगतो." त्या जाड चष्म्याच्या माणसाकडून उत्तर आलं तर इथे साडेतीनाचे चार करीन. भाऊजींनी वांग्याच्या रोपांची ऑर्डर काल दिली.